एका खाड्याची किंमत

कोल्हापूर शहर आणि गांधीनगरची कापडपेठ यांच्या लगतचे उचगाव आज नावापुरतेच खेडे राहिले आहे. येथील कितीतरी घरांची चूल गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या कारखान्यांवर, फौंड्र्यांवर आणि पेठेतील हमालीवर चालते. अशा गावात माणूस आजारी कधी ठरतो? अंगात ताप भरला, हात उचलेनासा झाला, कामावर जाणे अशक्य झाले, तेव्हा. श्रमिकाच्या लेखी खाडा पाडते तेच दुखणे. जे खाडा पाडत नाही ते दुखणेच नव्हे.

कर्करोग नेमका याच हिशेबाचा लाभ उठवतो. आरंभी तो बहुधा दुखत नाही. गालाच्या आतील चट्टा झोंबत नाही, स्तनातील गाठ टोचत नाही, आणि म्हणून कामही थांबत नाही. वेदना सुरू होते तोवर रोगाने पुष्कळ मजल मारलेली असते. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख नवे कर्करोगी आढळले आणि ९ लाखांवर माणसे या रोगाने दगावली. पुरुषांत तोंडाचा, स्त्रियांत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी आहे. म्हणजे ज्या अवयवांतील बदल डोळ्यांना दिसू शकतो, हाताला लागू शकतो किंवा साध्या तपासणीत सापडू शकतो, तेथेच आपण सर्वाधिक माणसे गमावत आहोत.

यास्तव काही खुणा प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असल्या पाहिजेत. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे. तंबाखू, मावा वा मिश्री वापरणाऱ्याने तर याकडे विशेष लक्ष द्यावे. दोन-तीन आठवडे टिकणारा खोकला किंवा बसलेला आवाज, घास अडकणे, मानेत वा अन्यत्र वाढणारी गाठ. स्तनातील गाठ, कातडीस पडलेली खळी, बोंडातून रक्त येणे. पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर होणारा रक्तस्राव. थुंकीतून, लघवीतून वा शौचातून रक्त. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल. कारणाविना घटणारे वजन. रक्तस्राव आणि स्तनातील गाठ यांच्या बाबतीत तर आठवडे मोजत बसूच नये.

यांपैकी बहुतेक खुणांमागे कर्करोग नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खोकला क्षयाचा असेल, रक्त मूळव्याधीचे असेल. पण हा निवाडा शेजाऱ्याने वा औषधाच्या दुकानदाराने करावयाचा नाही. क्षय निघाला तरी उपचार लागतोच. काहीच न निघाले तर एका खाड्याच्या मोबदल्यात मनाची शांतता मिळाली. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हा समज तर कित्येकांना स्मशानापर्यंत नेतो. संशयित भागाचा लहानसा तुकडा काढून तपासल्याविना निदान पक्के होत नाही, आणि योग्य रीतीने केलेल्या त्या तपासणीच्या भीतीने उपचार टाळण्याचे काहीच कारण नाही.

उशिरा आलेल्या रुग्णाला ‘इतके दिवस काय करत होतात?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. तो कामावर जात होता, हे त्याचे खरे उत्तर आहे. तपासणीचा पहिला दिवस, अहवालाचा दुसरा, पुन्हा बोलावणे आले तर तिसरा. रोजंदारीवरील माणसाने इतके खाडे कोणत्या बळावर करावेत? कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, पुरेशी वर्षे वर्गणी भरलेली असल्यास, ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु कंत्राटदाराच्या वहीत ज्याचे नावच नाही, त्याला या तरतुदीचा काय उपयोग? नोंदणीचा लढा हा केवळ वेतनाचा नाही, वेळेवर निदान होण्याचाही लढा आहे.

मात्र व्यवस्थेला दोष देऊन आपण मोकळे होणार असू, तर तो पळपुटेपणा ठरेल. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन खुणा समजावून सांगू लागले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गर्भाशयमुखाची साधी तपासणी करविली. तपासणीच्या वस्त्यांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेथे महागड्या यंत्राची गरज पडली नाही. शिकविलेला हात आणि दारापर्यंत जाणारे पाऊल पुरले.

‘आधी पाणी आणि रस्ता, मग असले विषय’ असे काही सहकारी म्हणतील. पण पाण्याच्या मोर्चात पुढे चालणारी बाई दोन वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली, तर तो आपल्याच मोर्चाचा पराभव आहे. तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांसाठी तपासणी करण्याचे धोरण सरकारने २०१६ सालीच स्वीकारले आहे. ती उचगावात किती जणांची झाली, हे ग्रामसभेत विचारणे आपले काम आहे. तपासणीच्या दिवसाचे वेतन कापू नये, ही मागणी संघटनेच्या मागणीपत्रात आली पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावरील उपचार मिळतात. शिधापत्रिका व ओळखपत्र आजार येण्यापूर्वीच नीट करून ठेवावे, हेही घरोघर सांगितले पाहिजे.

आणि ज्याला खूण दिसली आहे, त्याच्याबरोबर कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापर्यंत एका कार्यकर्त्याने जावे. रांगेत उभे राहावे, अहवालाची तारीख लिहून घ्यावी, आणि त्या तारखेला पुन्हा त्याच्या दारात हजर व्हावे. कारण पुष्कळ रुग्ण पहिल्या भेटीनंतरच गळतात, आणि तेथेच संघटनेची खरी गरज असते.