टाकीचे घाव कुणाला मानवतात?

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण किती सहज तोंडावर फेकतो! बाप दारू पिऊन मारायचा, आई लवकर गेली, घर भूकंपात गेलं. ऐकणारा मान डोलावतो, ''म्हणून तर तू खंबीर झालास.'' बरं, टाकीखाली फुटलेल्या दगडांचं काय? ते गाभाऱ्यात पोचत नाहीत, म्हणून मोजलेही जात नाहीत.

दुसरं ठेवणीतलं वाक्य: ''लहान होतास, तुला काय आठवणार?'' ३० सप्टेंबर १९९३, मराठवाड्यातला भूकंप. गणपती बोळवून किल्लारी-सास्तूरची माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर आली. तेव्हाचं सात-आठ वर्षांचं पोर आज चाळिशीत आहे. असा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. रस्त्याने डंपर गेला, खिडकीची काच थरथरली, की हा उठून दाराशी. पाहुण्यांकडेही अंथरूण उंबऱ्याजवळच. बायको म्हणते, विक्षिप्त आहे. त्याला ती रात्र धड सांगताही येणार नाही. पण कान, छाती, झोप यांना ती पक्की ठाऊक आहे. तेव्हा जीव वाचवणारी सावधगिरी आता झोप खाते. मग झोपेसाठी रोज क्वार्टर लागते आणि गावाला दिसतं ते फक्त व्यसन.

१९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांना व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. झालं! लगेच दुसरं टोक गाठलं गेलं: बालपणाचे गुण मोजायचे आणि माणूस कायमचा मोडला असं जाहीर करायचं. हेही तितकंच खोटं. समूहासाठीचा हा आकडा एकेका माणसाला लावू नका, असं २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच बजावलं.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, कलह, आजारी आईबाप अशा घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यापाशी बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, एखाद्या बाई. उरलेल्यांपैकीही अनेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. खंबीरपणाचं श्रेय द्यायचंच तर या माणसांना द्या, टाकीला कशाला? किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवलं. तेच भोगलेले सोबती, ठरलेल्या वेळेची शाळा, विचारपूस करणारं कुणी, हे सगळं त्यात आलं.

आणि मोठेपणी? ''एवढ्या वर्षांनी काय उकरायचं?'' असं म्हणणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचे प्रयोग झाले, त्यांचा उपयोग दिसला नाही. पण प्रशिक्षित मानसोपचारकाच्या सोबतीने, टाळत आलेल्या आठवणीकडे बेताबेताने जाण्याचे उपचार आहेत. ते चाळिशीतही लागू पडतात. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करून सुरुवात होते, मराठीत आणि फुकट.