‘हॉट रॅट्स’चे चाहते आणि गतकाळाचा आरोप

फ्रँक झॅपाच्या ‘हॉट रॅट्स’चे चाहते म्हणजे तारुण्य हरवलेल्यांचा कंपू, असं एका जाणकारांनी नुकतंच ठासून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९६९चा हा अल्बम अमेरिकेत १७३व्या क्रमांकाच्या वर चढला नाही, गायलेला तुकडा एकच, तोही कॅप्टन बीफहार्टच्या घोगऱ्या आवाजातला, बाकी नुसती वाद्यं. तेव्हा आजचं कौतुक संगीताचं नाही, गतकाळाचं.

हाच अल्बम ब्रिटनमध्ये ९व्या क्रमांकावर होता, एवढं सांगितलं की खपाचा मुद्दा संपला. आणि शब्द नाहीत म्हणून संगीत उणं, हे सतार ऐकणाऱ्यांच्या देशात कुणी बोलू नये.

गतकाळाच्या आरोपाचा मात्र समाचार घ्यायलाच हवा, कारण तो न ऐकता केलेला आहे. आठवणीत रमणाऱ्याला ओळखीचा सूर कानावर पडला की पुरे होतं. हे चाहते तेवढ्यावर भागवत नाहीत. १९८७मध्ये खुद्द झॅपानं सीडीसाठी या अल्बमचं मिक्सिंग नव्यानं केलं. ‘द गम्बो व्हेरिएशन्स’ सुमारे चार मिनिटांनी वाढलं, वाद्यांचा तोल बदलला. प्रत्यक्ष कर्त्यानं केलंय म्हणून चाहत्यांनी मान तुकवली नाही. वाढीव वादन हवंहवंसं वाटलं, तरी बदललेल्या मिक्सवर कित्येकांनी बोट ठेवलं. २०१२मध्ये मूळ मिक्स सीडीवर परत आलं, पण दोन्ही आवृत्त्या आलटूनपालटून लावणारे अजून आहेत. २०१९मध्ये, पन्नाशीला, त्या वेळच्या ध्वनिमुद्रणांचा सहा सीडींचा संच निघाला. अर्धवट टेक कान देऊन ऐकणाऱ्या माणसाला गतकाळात रमलेला म्हणायचं? झॅपा १९९३मध्ये गेला. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी कुठलं तारुण्य आठवायचं?

याच पठडीतल्या मंडळींशी पूर्वीही वाजलं होतं. स्टुडिओत थर चढवलेलं वादन खोटं, एका दमात वाजवलेलं तेवढं खरं, हा त्यांचा जुना हेका. या अल्बमसाठी इयन अंडरवुडनं सोळा ट्रॅकच्या यंत्रावर पियानो, ऑर्गन, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एकट्यानं वाजवले. प्रत्येक सूर हातानं नाहीतर फुंकरीनंच काढावा लागला ना? शिवाय ‘शुगरकेन’ हॅरिसचं मोकाट सुटलेलं व्हायोलिन याच तबकडीवर आहे. ते या मंडळींच्या कानांवर पडतच नाही.

मग अल्बममध्ये आहे काय? ‘पीचेस एन रेगेलिया’ लावा. ड्रमचा एक झपाटा, आणि पुढच्या साडेतीन मिनिटांत एक चाल अंगवळणी पडतेय तोवर दुसरी येते, दर वळणावर वाद्यांचा रंग बदलतो. चाल गुणगुणता येते, पण तिच्याखाली चाललेलं सगळं एका बैठकीत कानात मावत नाही. म्हणून लोक ते पुन्हा लावतात. त्यात बास वाजवणारा शुगी ओटिस तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आमच्या जाणकारांनी एकदा नुसता तो बास ऐकावा, मग बोलू.