मागे ठेवलेले आणि मागे गेलेले

‘बॅकवर्ड’ हा इंग्रजी शब्द मुळात दिशा दाखवणारा आहे. पुढे न जाता मागे जाणारे ते बॅकवर्ड. पुढे त्याला दुसरा अर्थ चिकटला: जो इतरांबरोबर पुढे आलाच नाही, तो. एक मागे गेला, दुसरा मागे राहिला. मराठीला तिसरेही क्रियापद ठाऊक आहे, मागे ठेवणे. इंग्रजी शब्द या तिघांना एकाच पिशवीत कोंबतो आणि आपला ‘मागास’ही तेच करतो. गेली काही वर्षे महाराष्ट्रात जो वाद पेटला आहे, त्याचे मूळ पुष्कळसे या पिशवीत आहे.

राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. महाराज तेव्हा विलायतेत होते. त्या हुकुमातली व्याख्या मोठी सुटसुटीत होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले. म्हणजे त्या यादीत मराठाही आला. तेथे प्रश्न विद्या आणि नोकरी कोणापासून दूर ठेवली गेली, एवढाच होता.

घटनेत हा शब्द अधिक जपून आला. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास’ असे शब्द घातले. त्यात ‘आर्थिक’ नव्हते, हे लक्षात ठेवावे. १९५३ साली पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर. आयोगाने २,३९९ जाती-समूहांची यादी केली आणि १९५५ मध्ये अहवाल सादर करताना जातीच्या निकषाविषयीची आपली नापसंती खुद्द अध्यक्षांनीच राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात नोंदवली. मंडल आयोगाने पुढे २७ टक्क्यांची शिफारस केली. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य करताना दोन अटी घातल्या: एकूण आरक्षण साधारणपणे पन्नास टक्क्यांच्या आत आणि वरची साय वेगळी. त्या सायीमुळे ‘नॉन-क्रीमी लेयर’ हा शब्द आज दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबापांनाही तोंडपाठ झाला आहे.

आता मराठा समाजाचे पाहा. त्याच्या गाऱ्हाण्यात पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेलेली जमीन आहे, बेभरवशाचा पाऊस आहे, न परवडणारी फी आहे. कर्जाच्या फायली चाळण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही घसरण खोटी म्हणता येणार नाही. पण ही मागे जाण्याची गोष्ट झाली. घटनेतला शब्द मागे ठेवलेल्यांसाठी आहे. २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हा समाज सामाजिकदृष्ट्या मागास असल्याचे आणि पन्नास टक्के ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती असल्याचे न्यायालयाला पटले नाही. गंमत अशी की २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने घसरलेल्यांसाठी दहा टक्क्यांचे वेगळे दार उघडले, पण त्यावर पाटी लावली ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’. ‘मागास’ हा शब्द टाळला गेला, आणि तो टाळणे मला योग्य वाटते. पण पाटी वेगळी म्हणून दाराची ओढही वेगळी राहिली.

टेंभी नाक्याच्या परिसरात ज्यांचे राजकारण घडले, ते एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा झाला. त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. २ सप्टेंबर २०२५ रोजी, आझाद मैदानावरील मनोज जरांगे यांच्या उपोषणानंतर, हैदराबाद गॅझेटच्या नोंदींचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. कुणबी ठरलेला मराठा ओबीसींच्या वाट्यात येतो. शहापूर-मुरबाडच्या कुणब्याला याची धास्ती वाटते, ती त्याच्या जागी बसून समजून घ्यायला हवी. ताट तेवढेच आहे आणि पंगतीत माणसे वाढताहेत.

या शब्दाची लाज कधी गेली, असे लोक विचारतात. उद्योगांना ती कधीच नव्हती. १९६४ पासूनच्या प्रोत्साहन योजनांत तालुक्यांचे गट पाडले गेले आणि जितका तालुका मागास, तितकी सवलत जास्त. आपला तालुका पुढारलेला ठरला म्हणून पेढे वाटणारा कारखानदार मी तरी पाहिला नाही. मग बारावीच्या पोराकडूनच वेगळ्या अभिमानाची अपेक्षा का धरावी?

त्या पोराच्या घरी सध्या काय चालले आहे? ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, नाही तर पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद, नाही तर जुना महसुली कागद. २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. कागदांची पिशवी काखेत मारून लोक कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताहेत, आणि पणजोबांच्या नावापुढे कुणी कारकुनाने ‘कु.’ लिहिले की ‘म.’, यावर नातवाच्या इंजिनिअरिंगची जागा अडली आहे.