कोंबडीचा स्वभाव कोण ठरवितो?

परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांचा हिशेब पिल्ले किती आणि अंडी किती, एवढ्यावरच संपतो. कोंबडीला स्वभाव असतो, तो बव्हंशी पैदाशीतून येतो आणि गरिबाचा नफातोटा त्यावर ठरतो, ही गोष्ट या हिशेबात बसत नाही.

मेळघाटातील कोरकू बाईच्या अंगणातली गावठी कोंबडी घार दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते आणि खुडूक होऊन आपली पुढची पिढी स्वतः उबविते. तिची अंडी वर्षाला पन्नास-साठच, हे खरे. पिंजऱ्यातील लेगहॉर्न वाणाची कोंबडी तीनशे देते. पण रवणावर बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तिचे खुडूकपण निवडीने पिढ्यान्‌पिढ्या काढून टाकलेले आहे. परसासाठी म्हणून तयार केलेल्या गिरिराज, वनराज या कोंबड्याही सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे 25 तलंगा व 3 नर यांचा गट अनुदानावर घरी आला, तरी पुढच्या पिढीसाठी बाईने पुन्हा उबवणी केंद्राच्याच दारात उभे राहावयाचे! त्यांची अंडी गावठीखाली ठेवता येतील, असे सांगितले जाईल. अवश्य, पण गावठी उरली तर! जिला सुधारणा म्हटले जाते, तिचे अर्थशास्त्रातील नाव परावलंबन असे आहे.

स्वभाव हा निव्वळ सवयीचा प्रश्न आहे, असा एक आक्षेप असतो. संगोपनाचा वाटा आहेच. आईविना वाढलेली पिल्ले एकमेकांची पिसे अधिक टोचतात. परंतु रक्ताचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेकटी कोंबडी न निवडता एका पिंजऱ्यातील सबंध कुटुंब निवडले. दुसऱ्या पिढीत 68 टक्के असलेले वार्षिक मृत्युप्रमाण चौथ्या पिढीत 8.8 टक्क्यांवर आले, अंडीही वाढली. एकटीचेच उत्पादन मोजले, की शेजारणीला टोचून पुढे जाणारीही 'उत्तम' ठरते. समूह मोजला, की सर्वांना जगू देणारी उत्तम ठरते. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

सरकारी विज्ञानाला हे अज्ञात नाही. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने झुंजार असील कोंबडीच्या संकरातून परसासाठी जो वाण काढला, त्याचे नावच 'निर्भीक' आहे. मग वऱ्हाडात वाटपाच्या कागदावर पिल्लांचा वाण, मूळ पैदास केंद्र आणि स्वभाव यांची नोंद का नसावी? अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. गावठी कोंबडीची निवड व जतन तिच्याकडे सोपवावे, आणि निवडीचे निकष पाळणाऱ्या बायांना विचारून ठरवावेत.

कार्यकर्त्यांनी पंचायत समितीत एवढा एकच प्रश्न विचारावा: ही कोंबडी कोणाच्या सोयीसाठी घडविली आहे?