सारस : ओळख जिल्ह्याची, जबाबदारी कोणाची?

प्रत्येक प्रदेश आपली ओळख काही मोजक्या खुणांतून जगापुढे मांडत असतो. महाराष्ट्राने शेकरूला राज्यप्राण्याचा, हरियालला राज्यपक्ष्याचा आणि ताम्हणाला राज्यपुष्पाचा मान दिला. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू ठरले. भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यालाही अशा खुणांची वाण नाही. नवेगावबांधचा जलाशय, नागझिऱ्याचे जंगल, इटियाडोह धरण, सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधबा आणि माघ पौर्णिमेला देशभरातील गोंड समाज जेथे लोटतो ते कचारगड, ही नावे जिल्ह्याबाहेरही परिचित आहेत. परंतु या सर्वांहून वेगळी अशी जिल्ह्याची खूण म्हणजे सारस पक्षी. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने आढळतो तो गोंदियातच. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात त्याची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे.

कुंपणाबाहेरचा पाहुणा

नवेगाव आणि नागझिऱ्याला २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे हद्द आहे, पहारा आहे, स्वतंत्र यंत्रणा आहे. सारसाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही, कारण तो जंगलात राहत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, गावतळ्यांच्या काठी आणि वैनगंगा व वाघ नद्यांच्या पात्रालगत वावरतो. पावसाळ्यात, रोवणी आटोपलेल्या बांधीतील उथळ पाण्यात तो गवतकाड्यांचे घरटे रचतो आणि साधारणतः दोन अंडी घालतो. घरट्याच्या जागेपुरते धान वाया जाते. ते नुकसान जिल्ह्याच्या नावावर मांडले जात नाही. ते एका शेतकऱ्याच्या नावावर पडते. सारस संवर्धनाचा खरा पेच येथे आहे. ओळख सर्वांची आणि तिची किंमत मात्र एकाची, अशी ही विभागणी आहे.

चढ आणि उतार

२००४ च्या सुमारास गोंदियात अवघे चार सारस उरल्याची नोंद झाली होती. त्यानंतर 'सेवा' ही स्थानिक संस्था, वन विभाग आणि गावोगावचे 'सारस मित्र' यांनी घरट्यांची राखण सुरू केली. शेतकऱ्यांची समजूत घालण्यात आली, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गणना होऊ लागली. परिणामी २०२० च्या गणनेत जिल्ह्यातील सारसांची संख्या ४५ पर्यंत पोहोचली. मात्र हे यश टिकले नाही. २०२२ मध्ये हा आकडा ३४ वर आला आणि त्यानंतरही घसरण थांबली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेत जनहित याचिका दाखल करून घेतली आणि प्रशासनाला जागे केले. त्यातून जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या स्थापन झाल्या.

घसरणीची कारणे अज्ञात नाहीत. शेतांवरून गेलेल्या उघड्या वीजतारांना धडकून पक्षी मरतात. धानावरील कीटकनाशकांचे विष खाद्यातून त्यांच्या पोटात जाते. कोहळी समाजाच्या जलव्यवस्थापनाच्या परंपरेतून उभे राहिलेले मालगुजारी तलाव गाळाने भरत आहेत. काठावर बेशरम माजली की सारसाला लागणारे कंद, देवधान आणि उथळ पाणी, तिन्ही आटतात. यांपैकी एकही कारण केवळ वन विभागाच्या अखत्यारीत नाही. तारा वीज कंपनीच्या, तलाव जिल्हा परिषद व जलसंधारण यंत्रणेचे, फवारणी कृषी खात्याच्या सल्ल्याची आणि बांधी शेतकऱ्याची.

नेब्रास्काचा धडा

या संदर्भात अमेरिकेतील नेब्रास्का या गवताळ मैदानांच्या राज्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. 'चिमणी रॉक' हा तेथील उंच सुळका जुन्या वाटसरूंची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. १९२९ मध्ये 'वेस्टर्न मेडोलार्क' हा तेथील राज्यपक्षी ठरला. तरीही वसंत ऋतूत पर्यटकांची पावले वळतात ती प्लॅट नदीकडे, सारसाच्याच कुळातील सँडहिल क्रौंच पाहण्यासाठी. दरवर्षी पाच लाखांहून अधिक क्रौंच तेथे उतरतात. ते रात्री नदीच्या उथळ पात्रात मुक्काम करतात आणि दिवसा मक्याच्या कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे टिपतात. म्हणजे तेथेही पक्षी शेतकऱ्याच्याच जमिनीवर जगतो. फरक व्यवस्थेत आहे. एका धरणावरून झालेल्या न्यायालयीन वादातील तडजोडीतून १९७८ मध्ये तेथे क्रौंचांच्या रक्षणासाठी स्वतंत्र न्यास उभा राहिला. न्यासाकडे निधी आला, जमीन आली आणि नदीपात्रातील झुडपे काढून ते मोकळे राखण्याचे काम नियमित झाले. याच मार्गाने ये-जा करणारा 'हूपिंग क्रेन' १९४१ मध्ये जेमतेम वीसच्या आसपास उरला होता. आज त्याच्या रानटी थव्याने पाचशेचा टप्पा ओलांडला आहे. चारावरून चाळीसच्या पुढे गेलेल्या गोंदियाला ही वाट अपरिचित नाही.

समित्यांच्या पलीकडे

न्यायालयाच्या रेट्याने समित्या झाल्या, बैठका झाल्या. आता कसोटी आहे ती सातत्याची. सारसांच्या वावराच्या पट्ट्यातील वीजतारा आवरणयुक्त अथवा भूमिगत करण्याचे काम वेळापत्रकाने पूर्ण व्हायला हवे. परसवाडा, झिलमिलीसारख्या तलावांची निगा राखताना केवळ गाळ उपसून भागणार नाही. सरसकट खोलीकरण झाले तर सारसाला लागणारे उथळ काठच नाहीसे होतील. घरटे असलेल्या बांधीच्या मालकाला मोबदला त्याच हंगामात, हेलपाटे न घालता मिळाला पाहिजे. नदीपलीकडील मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याशी कायमस्वरूपी समन्वय हवा, कारण पक्षी राज्याची सीमा मानत नाहीत.

उत्तर प्रदेशात सारस हजारोंच्या संख्येने आहेत आणि तेथे तो राज्यपक्षीही आहे. महाराष्ट्राकडे मूठभर उरले आहेत. ते गेले तर गोंदियाच्या फलकांवर सारसाचे चित्र राहील, परंतु वैनगंगेच्या काठी पहाटे घुमणारी त्याची साद ऐकण्यासाठी नदी ओलांडून बालाघाटला जावे लागेल. जिल्ह्याच्या ओळखीचा भार आजवर बांधीच्या मालकाने एकट्याने उचलला. त्यात शासनाने आता आपला वाटा उचलायला हवा.