‘एशियन स्टाइल’ सॅल्मन : एका लेबलाआडचा इतिहास

१/ ओव्हनमध्ये भाजायच्या सॅल्मनला लावण्याचे ‘एशियन स्टाइल मॅरिनेड’ आज जगभर घरोघरी केले जाते. सोया सॉस, मध, आले, लसूण, तिळाचे तेल. पाच जिन्नस आणि अर्धा तास. पाककृतीविषयी माझी तक्रार नाही, तक्रार नावाविषयी आहे. कारण ‘सॅल्मन’ आणि ‘आशियाई’ हे दोन शब्द इतिहासात यापूर्वीही शेजारी आले होते, आणि तेव्हाची चव फार कडू होती. #थ्रेड

२/ आधी कृती. अर्धा किलो माशाच्या तुकड्यांना तीन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा मध, चहाचा एक चमचा किसलेले आले, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि चहाचा एक चमचा तिळाचे तेल. अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्यावे. मग २०० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटे भाजावे. वेगळे मीठ नको, सोया सॉस पुरेसा खारट असतो. लिंबू भाजून झाल्यावरच पिळावे. आम्लात फार वेळ राहिलेला मासा आधीच घट्ट होतो.

३/ आता हे जिन्नस एकेक करून पाहू. सोयाबीन चीनचे. ते आंबवून केलेल्या ‘जिआंग’ची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी. जपानमध्ये त्याच कुळातून ‘शोयु’ घडला. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीहून तो बाहेर नेऊ लागली. युरोपीय भाषांतला ‘सोया’ हा शब्द याच ‘शोयु’चे डच तोंडी बदललेले रूप आहे.

४/ तीळ आपल्या घरचा. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेले. आज आपण खोबऱ्याचे, शेंगदाण्याचेही ‘तेल’ म्हणतो, तेव्हा नकळत तिळाचेच नाव घेत असतो. चिनी भाषेत मात्र तिळाचे एक जुने नाव ‘हूमा’ आहे. त्यातला ‘हू’ पश्चिमेकडील परक्या लोकांसाठीचा शब्द. चीनच्या लेखी तीळ परदेशी होता!

५/ आल्याचेही तसेच. संस्कृत ‘शृंगवेर’ ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’ झाले, लॅटिनमधून पुढे सरकत इंग्रजीत ‘जिंजर’ झाले. म्हणजे या एका वाटीत चीन, जपान, भारत आणि डच व्यापारी एकत्र बसले आहेत. त्या साऱ्यांना मिळून ‘एशियन’ म्हणणे म्हणजे कोकणी, वऱ्हाडी आणि पंजाबी रसोईला एकच ‘इंडियन करी’ म्हणण्यासारखे.

६/ या मॅरिनेडचा जवळचा पूर्वज कोण? जपानी ‘तेरियाकी’. ‘तेरी’ म्हणजे चकाकी, ‘याकी’ म्हणजे भाजणे. पारंपरिक तेरियाकीत सोया सॉस, मिरिन आणि साके असते; लसूण नसतो. १८८५ पासून करारावर हवाईच्या ऊसमळ्यांत गेलेल्या जपानी मजुरांच्या वस्त्यांत तिच्यात आले, लसूण आणि तिथली साखर आली. म्हणून या चवीचा खरा पत्ता ‘आशिया’ नव्हे. तो आहे स्थलांतरित श्रमिकांचे स्वयंपाकघर.

७/ आणि सॅल्मन? अमेरिकेच्या वायव्येस कोलंबिया नदीच्या काठी १८६६ मध्ये सॅल्मन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना सुरू झाला. १८७० च्या दशकापासून तिथे मासा कापणे, साफ करणे, डबे भरणे ही कामे प्रामुख्याने चिनी मजूर करू लागले. नदीत जाळी टाकण्याचा धंदा मात्र गोऱ्यांनी आपल्याकडे ठेवला.

८/ १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांचा प्रवेश बंद केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मासा कापून साफ करणारे यंत्र आले. ते चिनी कामगारांची जागा घेणार म्हणून त्याच्या व्यापारी नावातच चिनी माणसाला दिली जाणारी शिवी घातली गेली. ते नाव मी इथे लिहीत नाही. पण सॅल्मनच्या इतिहासातले ‘एशियन’ हे असे होते.

९/ याच नदीच्या मुखाशी ॲस्टोरिया हे सॅल्मनच्या कारखान्यांचे मोठे गाव. तिथल्या लाकूड गिरणीत पंजाबी मजूर राबत. १९१३ मध्ये याच ॲस्टोरियात गदर चळवळीचा पाया घातला गेला. त्या चळवळीत अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला ते फासावर गेले.

१०/ १९१७ च्या अमेरिकी कायद्याने ‘एशियाटिक बार्ड झोन’ आखला. हिंदुस्थान त्या रेषेच्या आत होता. १९२४ मध्ये जपान्यांनाही दार बंद झाले. फिलिपिन्स अमेरिकेची वसाहत असल्याने तिथले तरुण कारखान्यांत येऊ लागले. १९३३ मध्ये सिॲटलला त्यांनी कामगार संघटना उभारली. ‘आशियाई’ हा शब्द तेव्हा चव सांगत नव्हता, बंदी सांगत होता.

११/ या शब्दाला दुसरा जन्मही मिळाला. १९६८ मध्ये बर्कलीत युजी इचिओका आणि एमा गी या विद्यार्थ्यांनी ‘एशियन अमेरिकन’ ही संज्ञा घडवली. वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांनी एकत्र लढावे, म्हणून. ज्यांच्यावर लादले होते, त्यांनीच ते नाव ध्वजासारखे उचलले. बाटलीवरचे ‘एशियन स्टाइल’ हा त्या शब्दाचा तिसरा जन्म. त्यात बंदीची आठवण नाही आणि लढ्याचीही नाही.

१२/ आक्षेप ठाऊक आहे : ‘स्वयंपाकाच्या नावात एवढे काय शोधायचे? अन्न मिसळतच वाढते.’ पूर्ण मान्य. मी शुद्धतेचा कैवारी नाही. तेरियाकीत लसूण घालणाऱ्या हवाईच्या बायकापुरुषांचे मला कौतुकच आहे. माझे म्हणणे उलट आहे. सरसकट नाव मिसळण झाकून टाकते. कोणी मिसळले, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्यात उरत नाही.

१३/ शिवाय नावे सहज चिकटतात. आपल्या बाजारातला रावस इंग्रजी मेनूत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिरवतो. प्रत्यक्षात तो सॅल्मनच्या कुळातला नाही. तरी या मॅरिनेडला तो छान मानवतो, सॅल्मन परवडत नसेल तर रावसाचे तुकडे जरूर घ्या. फक्त त्याला रावसच म्हणा.

१४/ म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी हा मासा कराल तेव्हा त्याला ‘आले-सोयाचा भाजलेला सॅल्मन’ म्हणा, किंवा ‘हवाईच्या वळणाची तेरियाकी’. नाव दोन शब्दांनी लांबेल. पण कारखान्यात गुडघाभर माशांत उभ्या राहिलेल्या, आणि ज्या देशाचे डबे भरले त्याच देशाच्या दारात अडवल्या गेलेल्या माणसांना त्यात थोडी जागा होईल.

१५/ तुमच्या घरच्या कोणत्या पदार्थाचे नाव असा इतिहास झाकते? उत्तरांत लिहा. थ्रेड समाप्त.