विणणाऱ्या हातांचा पंचनामा कोण करणार?

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई व ठाणे जिल्ह्यावर धुळीचे वादळ आले. घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसे मेली. ठाणे-मुलुंड दरम्यान रेल्वेच्या वायरचा खांब वाकला, लोकल अडकल्या. वाहिन्यांनी हे दिवसभर दाखवले, आणि दाखवायलाच हवे होते. मतदान एका आठवड्यावर होते, त्यामुळे पुढाऱ्यांचे दौरेही झाले. परंतु कल्याणच्या पुढे, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पत्र्याच्या घरांत असे वारे सुटले की काय होते, याचा हिशेब मात्र कधीच मांडला जात नाही. ज्या घरात फक्त राहणे नाही तर पोट भरण्याचे कामही आहे, त्या घराचा तर नाहीच नाही.

डिझायनर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण मुंबईतले काचेचे दुकान येते. आमच्या वस्त्यांतली डिझायनर दहा बाय बाराच्या खोलीत बसते. शेठ मोबाईलवर एक फोटो पाठवतो आणि म्हणतो, "ताई, असा पीस काढून दे." फोटोत मापे नसतात, टाके नसतात. ती फोटो मोठा करून बघते, सुलट किती, उलट किती ते मोजते, बाहीला टाके कुठे घटवायचे आणि गळ्याला कुठे बंद करायचे ते ठरवते, एक नमुना विणते, उसवते, पुन्हा विणते. मग त्याच नमुन्याची लहानापासून मोठ्यापर्यंत मापे बसवते. याला डिझाइन नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? पण हिशेबाच्या वहीत ती "कारीगर" असते आणि नमुन्याचे पैसे एका नगाच्या मजुरीइतकेच धरतात. कॉलरच्या लेबलावर दुसऱ्याचेच नाव असते.

आता वारा येतो. पत्रा उचलला जातो, पाऊस आत येतो. सुताचे कोन भिजतात. बाहेरच्या माणसाला वाटते, भिजले तर वाळतील. विणकामाचे गणित तसे नाही. विणलेला कपडा म्हणजे एकात एक अडकवलेले फास. तो ओला झाला की स्वतःच्याच वजनाने ताणला जातो. दोरीवर टाकला तर बाही वीतभर लांबते आणि माप गेले ते गेले. तो सपाट पसरूनच वाळवावा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत, निम्म्या जमिनीवर पाणी असताना, सपाट कुठे पसरणार? पलंगावर. मग मुले कुठे झोपणार? आणि सूत रंगवताना प्रत्येक लॉटची छटा थोडी वेगळी उतरते. एका लॉटचे चार कोन खराब झाले की बाजारातून आणलेला नवा कोन त्याला जुळत नाही. अर्धा विणलेला पीस तिथेच संपला. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये जिथे कृत्रिम रेशमाचा धागा तयार होतो, त्याच शहरात एका बाईला चार कोनांसाठी शेठच्या पाया पडावे लागते, हे बघण्यासारखे आहे.

त्यात वीज जाते. ओव्हरलॉकची मोटर बंद. हाताने विणता येते, पण शिवून जोडता येत नाही. माल मात्र तारखेलाच हवा असतो. भिजलेल्या मालाचे पैसे कोणाच्या मजुरीतून कापले जातात, हे वाचकांना सांगायला नको. नवरा नाक्यावर किंवा एमआयडीसीत रोजावर असेल तर त्याचाही रोज दोन दिवस बुडतो, कारण पत्रा तोच चढवणार. पाणी उपसणे, भांडी, सासूचे औषध, मुलांची भिजलेली पुस्तके, हे सारे उरकून ती रात्री सुया हातात घेते. कारखान्यावर वादळ आले तर कारखाना बंद राहतो. तिचा कारखाना आणि तिचे घर एकच असल्यामुळे तिला ना घरात बसता येते, ना कामावरून घरी जाता येते.

मग तलाठी येतो, पंचनामा होतो. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहितात? गृहिणी. एका शब्दात तिचे सगळे कौशल्य पुसले.

सरकारी निकष काय म्हणतात तेही बघू. आपत्ती निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता जे दर ठरवले, त्यात किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि झोपडीला ८,००० रुपये आहेत. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. याच निकषांत हातमाग व हस्तकला कारागिरांसाठीही तरतूद आहे: हत्यारे-अवजारांसाठी ५,००० रुपये, कच्च्या व तयार मालासाठी ५,००० रुपये. म्हणजे कारागिराचे घर हेच त्याचे काम आहे, हे दिल्लीला कळते. पण विणकाम यंत्र हातमाग नव्हे, ओव्हरलॉक मशीन हस्तकला नव्हे, असे टेबलापलीकडून म्हटले की फाईल बंद. पुन्हा गंमत अशी की केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, कडाक्याची थंडीही आहे. नुसता वादळी वारा नाही. राज्याने आपल्या अखत्यारीत अवेळी पाऊस, वीज पडणे अशा आपत्ती जोडल्या. पत्रा उडवणाऱ्या वाऱ्याने बरोबर पाऊस आणला तर ठीक, नाहीतर त्याची ओळखच नाही!

कागदावर नाव नसणे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. पगार विणखात्यात जास्त आणि आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी पुढे १९३६ मध्ये लिहिले. आज धाग्याला विटाळ होत नाही. आमच्या लेकीबाळी विणतात, शिवतात, नमुने काढतात. वरचा दर्जा आणि वरचा पैसा मात्र अजूनही दुसऱ्याच खात्यात जमा होतो.

कायदा अगदीच नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली स्वतंत्र करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत गृहाधारित कामगाराची व्याख्या आहे. मालकासाठी स्वतःच्या घरात मोबदल्यावर वस्तू तयार करणारी व्यक्ती ती कामगार, मग माल व मशीन कोणाचेही असो. ही व्याख्या आणि तलाठ्याचा पंचनामा यांची भेट घालून देणे हे राज्य सरकारचे काम आहे. त्यासाठी नवा पैसाही लागत नाही, पंचनाम्यात एक रकाना लागतो आणि कारागीर या शब्दात विणकाम-शिलाई करणाऱ्या बाईचा समावेश करणारा एक शासन निर्णय लागतो.

उल्हासनगरला हे समजायला जड जाऊ नये. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत आलेल्या निर्वासितांनी घराघरांत धंदे सुरू करून हे शहर उभे केले. राहण्याची जागा आणि कामाची जागा इथे पहिल्यापासून एकच. आणि छत म्हणजे काय हेही या शहराला ठाऊक आहे. मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ १७ तारखेला किनाऱ्याजवळून गेले त्याच महिन्यात, येथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या दुर्घटनेत ७ जण गेले. पत्र्याखाली राहणाऱ्याला वारा मारतो, स्लॅबखाली राहणाऱ्याला स्लॅब.

शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल. तोवर आमच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीच्या वह्या घेऊन फिरताना आणखी एक वही बरोबर ठेवावी. कोणत्या गल्लीत कोणत्या ताईकडे विणकामाचे मशीन आहे, ओव्हरलॉक आहे, माल कोणाचा येतो, नगाला किती मिळतात, हे लिहून घ्यावे. तिची ई-श्रमवर नोंद करताना व्यवसाय "गृहिणी" पडू देऊ नये. मशीनचे बिल नसेल तर मशीनजवळ तिला बसवून फोटो काढावा, शेठच्या मेसेजचे फोटो जपून ठेवायला सांगावे. पंचनाम्याच्या दिवशी वस्तीतले दोघे-तिघे तलाठ्याबरोबर घरात जावेत आणि भिजलेले कोन मोजून लिहायला लावावेत. मे महिना आला की वारा येतोच, त्याआधी ही वही भरलेली हवी.